मोडीत घालण्याआधी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सध्या जुनी घरे भराभर उतरवली जात आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, पण जमिनींना भाव त्याच्या कितीतरी आधीच आला होता. हाती पैसा आला की माणूस पहिल्यांदा घराकडे बघतो. मातीच्या भिंती जातात, सागाचे खांब आणि तुळया निघतात आणि माळ्यावरून दोन-तीन पिढ्यांचा संसार खाली येतो. त्यात घंगाळ असते, कल्हई उडालेली पातेली असतात, पायली-अधोलीची मापे, पानाचा डबा, अडकित्ता, लामणदिवा, प्रभाकर कंदील असतो. पेटाऱ्याच्या तळाशी कागदांचे रुमाल आणि फडक्यात बांधलेले जुने पैसे निघतात. त्याच आठवड्यात दारात टेम्पो उभा राहतो. काटा लागतो, तांबे-पितळ किलोने जाते, चौकटी आणि दरवाजे उक्ते जातात. संध्याकाळी अंगण मोकळे होते आणि घरातल्यांना बरेही वाटते.

त्या आठवड्यात काय करावे आणि काय करू नये, ते इथे सांगायचे आहे.

जुने काही विकूच नका, असे मी म्हणणार नाही. नव्या घरात जागा नसते, दवाखाना असतो, लग्नकार्य असते. घरच्या वस्तूचे काय करायचे हे घरच्यांनीच ठरवायचे. माझा आग्रह एवढाच की वस्तू उंबऱ्याबाहेर जाण्याआधी ती काय आहे, कोणाची होती आणि घरात कुठून आली हे लिहून ठेवा. जुन्या वस्तूला मिळणारी किंमत धातूची कमी आणि या माहितीची जास्त असते. ती माहिती बहुतेक घरांत एखाद्या आजीच्या किंवा चुलत्याच्या डोक्यात असते. वस्तू गेली की ती पुन्हा जोडता येत नाही.

अलीकडचे एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार विक्रीला आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली; वाहतूक आणि विमा धरून 47.15 लाख रुपये खर्च आला आणि ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे. तशी युरोपीय पाती मराठ्यांनी पुष्कळ वापरली, त्यांना आपण फिरंग म्हणतो. या तलवारीच्या पाठीवर मात्र सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब आहे. ती एक ओळ नसती, तर ही चांगल्या जातीची एक जुनी फिरंग ठरली असती आणि सरकारने तिच्यासाठी धावपळ केली नसती.

आपल्या माळ्यावर रघुजींची तलवार नसते, हे खरे. पण नियम तोच लागू होतो. पितळेच्या हंड्यावर गळ्याशी टोचलेले नाव, मापावरचा सरकारी छाप, दिव्याच्या बुडावर कोरलेले गाव आणि शक, फोटोमागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कंदिलाच्या काचेवरचे कारखान्याचे नाव या खुणा वस्तूला भंगारातून बाहेर काढतात. पुण्यात दिनकर केळकरांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले ते अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, दरवाजे आणि भांडी गोळा करूनच. त्यांनी घेतलेल्या कित्येक वस्तू त्या काळी लोक मोडीतच घालत होते.

आता प्रत्यक्ष काम. घर उतरवण्याआधी घरच्यांसाठी एक अख्खा दिवस काढा. वस्तू अंगणात, सावलीत पण भरपूर उजेडात मांडा. प्रत्येकीचा मोबाईलवर समोरून, मागून आणि बुडाकडून फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. वजन करा. एका वहीत क्रमांक घालून लिहा: काय आहे, कोणी आणले, कोणत्या कामाला वापरत. लिहिताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा आणि त्यांना मध्ये तोडू नका. मापाचे नाव सांगता सांगता त्या मापाने कोणाच्या खळ्यावर भात मोजत, हेही ते सांगतील. तेही लिहा. हे काम नातवंडांकडे दिले तर ती आनंदाने करतात.

त्या दिवशी एक गोष्ट कटाक्षाने टाळा: घासणे. पितांबरी, चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी, यांतले काहीही लावू नका. तांब्या-पितळेवर शंभर वर्षांत जो काळपट, मऊ थर चढतो तोच त्याच्या वयाचा पुरावा असतो आणि जाणकार गिऱ्हाईक पैसे देतो ते त्यालाच. चकचकीत केलेली समई कालच्या दुकानातली वाटते. नाण्यांच्या बाबतीत तर हे नुकसान भरून येतच नाही. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे पडतात आणि भिंगाखाली ते लगेच ओळखू येतात. लाकडी कोरीव चौकटीला ऑइलपेंट लावू नका. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि काहीही झाले तरी लॅमिनेशन करू नका. फार तर मऊ कोरड्या फडक्याने धूळ झटका.

नाण्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच आहे.

फडक्यातून निघणारी बहुतेक नाणी तीन-चार प्रकारांची असतात. एक म्हणजे राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये. इंग्रजी अमदानीतल्या या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी सुमारे 91.7 टक्के असे. 1940 पासून ती निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचाच आहे. म्हणून सोनाराकडे जाण्याआधी सालानुसार दोन ढीग करा. दोन्ही ढिगांना एकच भाव लावणारा सोनार निम्म्या चांदीचा भाव पूर्ण चांदीला लावत असतो. व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे बहुतेक रुपये कोट्यवधींनी पाडले गेले होते, त्यामुळे त्यांची किंमत चांदीच्या आसपासच राहते. काही साले मात्र वेगळी आहेत. 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणे मागे घेतले गेले आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले. तो रुपया संग्राहक शोधत असतात. 1939 चा रुपया त्याहून दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याची बनावट नाणीही फिरतात. तेव्हा साल वाचल्याशिवाय चांदीचा रुपया वितळवायला देऊ नका. रुपये ओवलेली माळ निघाली तर ती सुटी करू नका. कडी जोडलेला रुपया नाणे म्हणून फारसा मोलाचा राहत नाही, पण अखंड माळ हा दागिना म्हणून वेगळाच ऐवज असतो.

दुसरा प्रकार शिवराईचा. तांब्याची ही नाणी शिवकाळानंतर पेशवाईत आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही चालत राहिली. त्यामुळे हातातली शिवराई खुद्द महाराजांच्या काळातली असेलच असे नाही. अक्षरांची ठेवण, ओळींची मांडणी आणि वजन पाहून जाणकारच ते सांगू शकतो. माहुलीचा किल्ला दारात असल्यामुळे आपल्या बाजूला प्रत्येक शिवराई शिवकालीन ठरते. ते प्रेम मला समजते, पण विकताना किंवा विकत घेताना ते बाजूला ठेवा. विशेषतः सोन्याचा शिवकालीन होन स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. खरे होन अत्यंत दुर्मिळ आहेत आणि बनावट मात्र सर्रास मिळतात.

तिसरा ढीग ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, आणे आणि चवल्या-पावल्यांचा. यांना प्रेमापलीकडे फार मोल नाही. मुलांना द्या, शाळेला द्या.

आणि चौथा प्रकार निखळ फसवणुकीचा. एका बाजूला राम दरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व 1818 सारखे साल असलेले तांब्याचे नाणे कोणी लाखोंना मागतो किंवा विकतो. कंपनी सरकारने असे नाणे कधीही पाडले नाही. वैष्णोदेवीचे पाच-दहा रुपयांचे नाणे, 786 क्रमांकाची नोट, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट यांना लाखो रुपये मिळतात, अशा चित्रफिती मोबाईलवर येतात. फोन केला की आधी नोंदणीचे, मग कराचे, मग रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीचे पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की असल्या व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती त्यासाठी कमिशन घेत नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागणारा कोणीही खरेदीदार नसतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आठवण म्हणून जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा ठेवल्या असतील तर त्या एकूण दहापेक्षा जास्त नसाव्यात. 2017 च्या कायद्याने ती मर्यादा घातलेली आहे.

राईस पुलरचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. वीज पडलेले तांब्याचे भांडे तांदूळ ओढून घेते, परदेशी शास्त्रज्ञ त्याला कोट्यवधी देतात, फक्त तपासणीचा खर्च तुम्ही करायचा, अशी ती कथा. जुन्या शिलाई मशीनमधला लाल पारा ही तिचीच बहीण. गुप्तधन काढून देणारा मांत्रिक हा त्याच टोळीतला आणि त्याहून घातक, कारण तिथे पैशांबरोबर जीवही गेलेले आहेत. राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशा अघोरी प्रकारांना लागू होतो. या सगळ्यांत सुशिक्षित माणसेही अडकतात. लाज न बाळगता पोलिसांत जा.

खरोखरच जमिनीतून काही निघाले तर? विहीर खोदताना, पाया घेताना, शेताची सपाटी करताना जेसीबीच्या दातात मडके येते. त्या क्षणी लोक घाबरतात: सरकार सगळे घेऊन जाईल, वर चौकशी मागे लागेल. म्हणून रातोरात वाटणी होते आणि नाणी सोनाराच्या मुशीत जातात. कायदा काय म्हणतो ते मात्र कोणी पाहत नाही. 1878 चा भूमिगत धनाचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही पुरलेले सापडले तर काय सापडले, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि ऐवज सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा त्यासाठी हमी द्यायची. धन बेवारस ठरले आणि जागेचा मालक वेगळा असेल, तर दोघांत दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला, अशी वाटणी कायद्यातच आहे. सरकारला तो ऐवज स्वतःकडे हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त रक्कम द्यावी लागते. लपवले तर मात्र हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलीस पाटील, तलाठी किंवा तहसीलदार यांच्याकडे लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मडके रिकामे करू नका, नाणी धुऊ नका, जागेचा फोटो काढा.

हे एवढे तपशिलात सांगतो त्याचे कारण कसारा घाटाच्या वर आहे. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला. एकटे नाणे पाहिले असते तर ते एक जुने, खराब छापलेले चांदीचे नाणे वाटले असते. साठा एकत्र पाहिला गेला, म्हणून सातवाहनांनी नहपानाचा पराभव करून त्याचे चलन आपलेसे केले, ही गोष्ट सिद्ध झाली. मुरबाडच्या माणसाला तर सातवाहन परके नाहीत; वैशाखऱ्याहून नाणेघाट चढला की नागनिकेचा लेख आणि दगडी रांजण समोर येतात. कल्याण आणि सोपारा बंदरांतून आलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. ज्या मुलखातून दोन हजार वर्षे व्यापार झाला, तिथल्या एखाद्या शेतात उद्या असाच साठा निघू शकतो. तो चार सोनारांकडे विभागून गेला तर दर तोळ्यामागे काही रुपये मिळतील आणि इतिहासाचे एक पान कायमचे वितळून जाईल.

नाणेघाटातल्या लेखांवर काम करणाऱ्या भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत एकात एक बसवलेले करंडक आणि बुद्धाचे भिक्षापात्र म्हणून जपलेले तुकडे मिळाले. ते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. उलट उत्तर प्रदेशातल्या पिप्राहवा इथे 1898 मध्ये निघालेल्या रत्नांचा काही भाग उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वारसांकडे राहिला आणि मे 2025 मध्ये हाँगकाँगला लिलावात आला. भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव पुढे ढकलला गेला आणि जुलैमध्ये ती रत्ने देशात परतली. एकशे सत्तावीस वर्षांनी, तेही एका उद्योगसमूहाने पैसे मोजल्यावर.

आता घरातल्या वस्तूंचा कायदा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा 1972 चा आहे आणि 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणे, शिल्प, चित्र हे सगळे पुरावशेष ठरतात. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेल्या हस्तलिखिताला आणि कागदाला पंचाहत्तर वर्षेच पुरेत. म्हणजे सिद्धगडावर 2 जानेवारी 1943 ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले, त्या काळातली त्यांच्या आझाद दस्त्याची पत्रके, चिठ्ठ्या किंवा अटकेचे कागद मुरबाडच्या एखाद्या घरात असतील, तर ते आजच या व्याख्येत बसतात. रद्दीत घालू नका.

पुरावशेष घरात असणे गुन्हा नाही. दगड, धातू, हस्तिदंत, भाजलेली माती आणि लाकूड यांतली शिल्पे, चित्रे आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. अर्जासोबत फोटो लागतात. नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली किंवा विकली तर तेही कळवायचे. देवघरातली शंभर वर्षांहून जुनी पितळी मूर्ती, देवीचा मुखवटा, कोरीव लाकडी शिल्प यांत येते. रोजची भांडी येत नाहीत. पुरावशेषांचा खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. दारात आलेल्या माणसाकडे तो मागा. मागितल्यावर त्याचा चेहरा पाहूनही पुष्कळ कळते.

देशाबाहेर मात्र पुरावशेष नेता येत नाही. मुलगा अमेरिकेत आहे म्हणून आजीची बाळकृष्णाची मूर्ती किंवा जुनी समई सामानात घालून देणे, हा प्रेमाने केलेला गुन्हा होऊ शकतो. बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद आहे. वस्तू शंभर वर्षांच्या आतली पण जुनी दिसणारी असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेऊन मगच पाठवा.

जंगलालगतच्या आपल्या गावांत आणखी एक धोका भिंतीवर टांगलेला असतो: सांबराची शिंगे, चितळाचे कातडे, जुने वाघनख. आजोबांच्या काळातले आहे, हा बचाव चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालकीचा दाखला नसेल तर ते बाळगणेही गुन्हा आहे आणि दाखला असला तरी विकता येत नाही. मांडुळाचा सौदा करणाऱ्यांच्या तर सावलीलाही उभे राहू नका. ठासणीची बंदूक किंवा तलवार निघाली तर पोलीस ठाण्यात विचारूनच पुढचे पाऊल टाका.

मग विकायचे ते कुठे? साधी भांडी, जाती, उखळ, दरवाजे यांना लिलावगृह विचारत नाही. त्यांचे गिऱ्हाईक फार्महाऊस आणि रिसॉर्ट सजवणारे आणि मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटचे व्यापारी. तिथे जाऊन एकदा भाव बघून या; घरी आलेल्या व्यापाऱ्याशी बोलताना हातात काहीतरी असेल. किलोने न देता नगाने द्या. नक्षीचे घंगाळ आणि फुटका हंडा एका काट्यावर चढवू देऊ नका. पैसे बँकेतून घ्या आणि वस्तूंची यादी लिहून दोघांनी सह्या करा. मुरबाडच्या धसईने 2016 मध्ये रोकडविरहित गाव म्हणून नाव मिळवले होते. असल्या व्यवहारात तो धडा फार उपयोगी आहे.

लिलाव योग्य ठरतो तो दुर्मिळ नाणी, पदके, चांदीकाम, चांगले दिवे, जुने छायाचित्रसंच आणि राजा रवी वर्मांच्या छापखान्यातली चित्रे यांच्यासाठी. ही चित्रे कोकणातल्या घराघरांत होती. खरी जुनी प्रत भिंगाखाली पाहिली तर रंगाचे ठिपके अनियमित दिसतात, आजच्या छपाईत ते शिस्तीत मांडलेले असतात. नाण्यांसाठी मुंबईचे टोडीवाला, चित्रांसाठी सॅफ्रनआर्ट आणि पंडोल अशी लिलावगृहे आहेत. त्यांच्या जुन्या लिलावांचे भाव उघडपणे पाहता येतात आणि हाच लिलावाचा मोठा गुण आहे: तुमच्यासारख्याच नाण्याला गेल्या वर्षी काय मिळाले, ते तुम्हाला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माहीत असते. पुण्याच्या कॉइनेक्स प्रदर्शनातही एका दिवसात पुष्कळ शिकायला मिळते.

लिलावगृहाशी करार करताना चार गोष्टी विचारा. राखीव किंमत किती, म्हणजे त्याखाली वस्तू विकायची नाही असा आकडा. विक्रेत्याकडून कमिशन किती, आणि फोटो, विमा, वाहतूक वेगळी का. वस्तू विकली गेली नाही तर ती परत कोणाच्या खर्चाने येणार. पैसे किती दिवसांत मिळणार. समजा हातोडा 40,000 वर पडला आणि कमिशन 12 टक्के असेल, तर 4,800 वजा होऊन 35,200 उरतात आणि त्यातून बाकीचा खर्च जातो. घेणारा वरून जो प्रीमियम भरतो तो लिलावगृहाचा असतो, तुमचा नाही. वर्तमानपत्रातले आकडे बहुधा तो धरून असतात. दागिने, चित्रे आणि कलावस्तू यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो, म्हणून रक्कम मोठी असेल तर आधी सनदी लेखापालाला विचारा. आणि भावकीत वाटणी झालेली नसेल तर सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय वडिलार्जित वस्तू लिलावाला देऊ नका. एका समईपायी भावाभावांचे बोलणे तुटलेली घरे आपल्याकडे कमी नाहीत.

काही वस्तू मात्र विकण्याच्या नसतात, असे माझे स्पष्ट मत आहे. शेताच्या बांधावरचा वीरगळ, वाघोबाचा दगड, गावदेवीचा मुखवटा, मोखाडा-जव्हारच्या बाजूचे बोहाड्याचे मुखवटे या गावाच्या आहेत; एका घराने त्यांचा सौदा करणे चूक आहे. वीरगळ फार्महाऊसच्या हिरवळीवर नेला की तो कोणत्या गावच्या कोणत्या लढाईचा, हे सांगणारी जागाच जाते. देवघरातले टाक चांदीचे असतात, वितळवले तर थोडेसे पैसे येतात. पण त्यांवर तुमच्या कुळाचे देव आणि पूर्वज आहेत. नव्या घरात ठेवायचे नसतील तर भावकीतल्या दुसऱ्या घरी द्या. मोडी लिपीतले कागद आणि पोथ्या विकण्याऐवजी आधी वाचून घ्या. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून कागद आणि ग्रंथ जपत आले आहे. कागद तुमच्याकडेच ठेवून त्यांची चांगली छायाचित्रे अभ्यासकांना दिली तरी मोठे काम होते. जमिनीच्या जुन्या वादात असला एखादा कागद उपयोगी पडल्याची उदाहरणे आपल्याच तालुक्यांत आहेत.

शंका आली तर विचारायला जागा जवळ आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचे कार्यालय शीव किल्ल्याशी आहे आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यात. आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून थेट लोकल आहे, मुरबाडकरांना एसटीने कल्याण गाठून पुढे गाडी घ्यावी लागेल. वस्तू बरोबर नेऊ नका. वहीची झेरॉक्स आणि फोटो पुरेत. आणि ती चौकशी घर उतरवायच्या आधी करा.